वकीलसाहेबांच्या पिस्तुलाची पिन

"हालू नोका कोनी!"

आमचे वकीलसाहेब असं ओरडले की अमरावतीच्या त्यांच्या कचेरीत पक्षकार, मुन्शी आणि मी जागच्या जागी थिजायचो. कोणाचा पाय अधांतरी, कोणाचा विडा ओठांशी. साहेब धोतर सावरून टेबलाखाली शिरायचे. काही वेळानं आधी धुळीनं माखलेलं टक्कल बाहेर यायचं, मग हसरा चेहरा, आणि चिमटीत तांदळाच्या दाण्याएवढी लोखंडी पिन.

"सापडली. हाला आता."

ती पिन त्यांच्या पिस्तुलाची. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता आणि मी त्यांच्या हाताखाली नवाच वकील होतो. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी रीतसर परवाना काढून ते पिस्तूल घेतलं होतं. एक गोळी उडाली की दुसरी आपोआप पुढं येणारं, अगदी नव्या तऱ्हेचं. पण त्यातून आपोआप बाहेर यायची ती फक्त ही ढिली पिन.

वकिलाला पिस्तूल कशाला, असं तुम्हाला वाटेल. दर्यापूरकडचे एक पाटील बांधाचा दावा हरले होते, आणि समोरच्या पक्षाचे वकील होते आमचे साहेब. दार भरून टाकणारा माणूस, मिशा कानापर्यंत. कोर्टाच्या पायरीवर साहेबांना बोट दाखवून ते म्हणाले, "तुले पाहून घेईन!" तेव्हापासून साहेबांची झोप उडाली. जेवताना तोंड दाराकडे. टांग्यात बसले की मान मागे. आम्ही हसायचो, पण संध्याकाळी ते कचेरीची कडी तीन-तीनदा ओढून पाहायचे तेव्हा आमचं हसू ओसरायचं.

वकिलीणबाईंना पाटलांपेक्षा पिस्तुलाची भीती जास्त. त्यांनी काडतुसं डाळीच्या कुठल्यातरी डब्यात दडवली होती. "कोणत्या ते मलाही आठवत नाही," असं त्या शांतपणे सांगायच्या.

पिन बसवायचे सगळे उपाय झाले. मेण लावलं, ते उन्हात वितळलं. लाख लावली, ती फुटली. लोहाराकडे गेलो तर तो हात जोडून म्हणाला, "सायेब, वखर आना, नांगर आना. हे डासाचं हाड माह्या हातात कसं धरू?" शेवटी एका सोनारानं नाजूक हातोडीनं ती ठोकून दिली. ती अकोल्यापर्यंत टिकली. स्टेशनावर साहेबांनी पिस्तूल जाग्यावर आहे ना म्हणून कोटाचा खिसा चाचपला आणि ओरडले, "हालू नोका!" अख्खा फलाट थांबला. गाडी तेवढी थांबली नाही.

"नागपूरला दुरुस्तीला पाठवू या," मी एकदा सुचवलं.

"अन् नेमका त्याच दिवशी तो आला तं?"

तो आला. भर दुपारी कचेरीचं दार अंधारलं, पाहतो तर पाटील! साहेबांनी खणातून पिस्तूल ओढलं, ते टेबलाच्या काठावर आपटलं आणि पिन टणकन उडाली.

"हालू नोका!"

पाटलांनी दोन्ही हात वर केले. एका हातात हळदीकुंकू लावलेली लग्नपत्रिका होती. साहेब सवयीनं टेबलाखाली गेले. पिस्तूल टेबलावर, साहेब खाली, पाटील हात वर करून उभे. हसावं की पळावं, मला कळेना.

"वकीलसायेब, काय धुंडून राह्यले?"

"पिन."

"कायची पिन?"

"पिस्तुलाची. तुमच्यासाठीच ठेवलं आहे ते."

"माह्यासाठी? काहून?"

"तुम्ही म्हणाला होता ना, पाहून घेईन!"

पाटलांचे हात हळूहळू खाली आले. "ते व्हय! ते तं मी समद्यायलेच म्हंतो. सोयऱ्यालेबी म्हंतो. बांधाचा दावा गेला, गोष्ट सरली. मी तं पोरीच्या लग्नाचं बोलावनं घेऊन आलो बाप्पा."

टेबलाखालून बारीक आवाज आला, "कोणत्या पोरीच्या?"

"धाकलीच्या."

पाटील गुडघ्यांवर बसले आणि तेही टेबलाखाली शिरले. टेबल दोघांच्या पाठीवर उचललं गेलं, दऊत माझ्या अंगावर सांडली. पिन पाटलांच्या धोतराच्या सोग्यात सापडली.

पाटील त्याच पावली साहेबांना आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे घेऊन गेले. तो कापसाच्या जीनमध्ये यंत्रं सांभाळायचा. त्यानं पिनेची दोन्ही टोकं अशी ठोकून फुलवली की पिन कायमची बसली. पिस्तूलही कायमचं बसलं. चाप हलेना, वरचा भाग सरकेना. मिस्त्री ओशाळला.

साहेबांनी पिस्तूल कानाशी धरून हलवलं. काहीच वाजलं नाही. "झकास! पडत नाही ना आता? बस्स झालं."

मग ते पिस्तूल साहेब पोलीस ठाण्यात जमा करून आले.

लग्नाला आम्ही दर्यापूरला गेलो. पाटलांनी साहेबांना व्याह्यांच्या पंगतीत बसवलं आणि आग्रह करकरून वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बैलांच्या दमणीतून परत निघालो. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. साहेबांनी टोपी काढली, पाय पसरले आणि क्षणात झोपले.

आता साहेबांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आठवतात ते तसेच. तोंड उघडं, टकलावर ऊन, खड्ड्याखड्ड्याला हलणारी मान. गाडीवानानं बैलांना हाक घातली तेव्हा मी त्याला खुणेनं गप्प केलं. पुढचा सगळा रस्ता त्यानं बैल अगदी सावकाश चालवले.