साडेदहा तासांचे वझलवार काका

वझलवार काका मनगटावरच्या घड्याळाचे काटे वर्षभर हलवत नसत. एप्रिलचा पहिला रविवार आला की अमेरिकेत ट्रॉयमधल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये सगळे सरकारी उन्हाळी वेळेसाठी घरभर फिरून घड्याळं तासभर पुढे करायचे, अगदी मायक्रोवेव्हचंसुद्धा. काकांचं मनगट मात्र हिवाळी वेळेवरच. त्यात साडेदहा तास मिळवले की नागपूर यायचं. त्या घड्याळात सकाळचे साडेआठ झाले की ते फोन लावत. तिथे तेव्हा संध्याकाळचे सात. अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या थोरल्या भावाला तिथले शेजारी उठवून बसवत आणि रिसीव्हर कानाशी धरत.

काका इतिहासाचे निवृत्त मास्तर. घड्याळबदलाचा विषय निघाला की संपलंच. "लोक सांगतात, हे शेतकऱ्यांसाठी काढलं. साफ खोटं! पहिल्या महायुद्धात इंधन वाचवायला काढलं. शेतकरी तर उलट चिडले होते. गाय का घड्याळ पाहून दूध देते बाप्पा?"

मी हसायचो. पण त्यांचे दिवस हसण्यासारखे नव्हते. त्यांचा मुलगा शेखर सोमवार ते शुक्रवार विमानाने दूर प्लेनोला प्रोजेक्टवर. काकांना ड्राइव्ह करता येत नाही, पायी जावं असं एक दुकान नाही, आणि चार महिने बर्फ. "पोरांना वर्गात कोंडून ठेवत होतो तेव्हा नाही समजलं," ते म्हणत, "आता समजून राहिलं."

२००७च्या मार्चमध्ये भाऊ अत्यवस्थ झाले. शेखरने रविवारी दुपारच्या विमानाचं तिकीट काढलं. त्या वर्षी सरकारने घड्याळबदल एप्रिलवरून मार्चमध्ये आणला होता, नेमका त्याच रविवारी. आम्ही आयटीवाले त्यापायी ऑफिसात अडकलेले; शेखर तिकडे, मी इकडे. मी टॅक्सी ठरवली आणि शुक्रवारीच काकांना ऐटीत सांगून टाकलं, "दहाला खाली उभे राहा." नवी वेळ ऑफिसातल्या एकूणएक मशीनला कळवली. काकांना कळवायचं राहिलं.

टॅक्सी आली तेव्हा काकांच्या घड्याळात नऊ वाजले होते. ते पूजेत होते, फोन उचलला नाही. ड्रायव्हर थोडा थांबला आणि गेला. तासाभराने काका बॅग घेऊन खाली आले आणि थंडीत कितीतरी वेळ उभे राहिले. विमान चुकलं. पुढची सीट गुरुवारची होती. मंगळवारी रात्री भाऊ गेले.

मी भेटायला गेलो तेव्हा काका फोनशेजारच्या खुर्चीत बसले होते. मला मान वर करवेना. "काका, चूक माझी. एक फोन केला असता तर..."

रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"तुझं सोड रे," ते म्हणाले. "विमान चुकलं हे मला दादाला सांगवलं नाही. मंगळवारी त्यानं विचारलं, कुठवर आला? मी याच खुर्चीतून म्हटलं, मुंबईत उतरलो दादा, सकाळी पोचतो. तर म्हणे, मग मी जागाच राहतो."