कापसाच्या खोलीतलं रडणं

नव्या कापसाचा वास आला की माझी छाती धडधडते. लहानपणी सौसर गावातल्या आमच्या घरी दूध सांडलं म्हणून बाबांनी मला मारलं आणि कापसाच्या खोलीत कोंडलं. आत अंधार, उकाडा, नाकातोंडात तंतू. मी दार बडवत होते. बाहेरून आई हळूच म्हणाली, "चूप राय नं बाई. तू रडून राहिली म्हणून ते उघडू देत नाहीत." मी फ्रॉकचं टोक तोंडात कोंबलं आणि हुंदका गिळला. काळीज मात्र कानात वाजत राहिलं. संध्याकाळी दार उघडून बाबा म्हणाले, "आता शहाणी झाली." आज चाळिशीत माझा बीपी उतरत नाही. परवा पांढुर्ण्याच्या डॉक्टरीणबाई गोळी वाढवताना म्हणाल्या, "लहानपणीची भीती कधीकधी अंगात मुरते. घरी मारत होते का तुम्हाला?" सांगायला मी तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही.