रिपोर्टवर आईचं नाव

लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची मी आजवर टिंगलच करत आले. शाळेत विज्ञान शिकवते ना... तेव्हा हे वाचून कुणी माझी केली तरी हरकत नाही.

२००७ ची गोष्ट. हट्ट्याला, आमच्या गावी, अण्णांच्या – माझ्या वडिलांच्या – फुफ्फुसाभोवती पाणी झालं. वसमतच्या डॉक्टरांनी ते सुईने काढलं. टीबी की कॅन्सर, नक्की कळेना. म्हणून ट्यूमर मार्करची तपासणी करायला मीच बाटली घेऊन नांदेडच्या लॅबमध्ये गेले. फॉर्मही मीच भरला, खाली कार्बन घालून.

चार दिवसांनी रिपोर्ट मिळाला. मार्कर भलताच वाढलेला – म्हणजे बहुतेक कॅन्सरच. पण नाव? सौ. कमल, वय ३४.

ती माझी आई. मी नऊ वर्षांची असताना, चौतिसाव्या वर्षी टीबीने गेलेली. तिच्याही छातीत पाणी झालं होतं.

मी लॅबवाल्यांशी भांडले. त्यांनी फॉर्म पुढे केला – अक्षर माझंच, नाव आईचं! आणि माझ्याकडच्या कार्बन कॉपीवर अण्णांचं. ते बिचारे पाणी पुन्हा तपासतो म्हणाले.

घरी मी तो कागद अण्णांपुढे ठेवला. मग पेटीतून त्यांनी हैदराबादच्या लॅबचा एक जुना रिपोर्ट काढला. तेच नाव, तेच वय... मार्करचा आकडाही तोच.

"अण्णा, आईला कॅन्सर होता?"

"व्हय."

"मग टीबी टीबी काहून म्हणत होता तुमी?"

"खरं सांगलं असतं तर तिनं हाय खाल्ली असती, माय."

टीबी म्हणून आईचं ताट वेगळं होतं. मी तिच्या अंथरुणापाशी गेले की अण्णाच दंडाला धरून बाहेर काढायचे – "लागण होईल." ती हात पुढे करायची, मी उंबऱ्यातूनच बघायचे. कॅन्सर लागत नाही, हे अण्णांना माहीत होतं. आपलं खोटं उघडं पडू नये म्हणून त्यांनी मला आईजवळ जाऊ दिलं नाही. इतकं मला कुणीच फसवलं नाही.

नवा रिपोर्ट अण्णांच्याच नावाने आला. मार्कर नॉर्मल, पाणी टीबीचं. तो फॉर्म आणि कार्बन कॉपी अजून माझ्याकडे आहेत. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही.

असा टीबी सहसा लागत नाही, असं डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. तरी नवा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी अण्णांचं ताट वेगळं मांडलं.