कामाचा पत्ता: शाळेचं फाटक

इलारिया लिमाचीला चौकशा करायची खोड होती, आणि ती खोड तिच्या धंद्याला फार सोयीची पडली. ला पाझमधल्या एका नावाजलेल्या सरकारी शाळेच्या फाटकाला पाठ लावून ती बावीस वर्षं जेली विकत होती. लाल, हिरवी, पिवळी जेली, वर क्रीमचा गोळा. थंडी असली की सोबत आपी, जांभळ्या मक्याचं गरम पेय. मधल्या सुट्टीत पोरं गजांतून हात बाहेर काढायची आणि "मावशी, मला! मावशी, आधी मला!" असा कालवा व्हायचा. त्या कालव्यातही ती एकेकाला विचारून घ्यायची. बाबा कुठे असतात? आईचं ऑपरेशन झालं का? राहता कुठे, आणि खरंच राहता कुठे?

हा शेवटचा प्रश्न तिचा आवडता होता. शाळा होती सोपोकाचीत, बऱ्या वस्तीत. पण निम्मी पोरं उतरायची वरच्या अंगाहून, एल आल्तोहून, कानाकोपऱ्यातून. ती आत आली कशी, याचा इलारियाने मुळापर्यंत छडा लावला होता. जानेवारी उजाडला की राहण्याचा पुरावा म्हणून या भागातल्या लाइटबिलांना सोन्याचा भाव यायचा. कुणाच्या मावसआत्याचं बिल, कुणाच्या मालकिणीचं, कुणाचं सरळ भाड्याने आणलेलं. गुलाबी इमारतीतल्या एका खोलीत कागदोपत्री नऊ पोरं राहत होती आणि प्रत्यक्षात एक म्हातारा आणि त्याचा पोपट. पालक आधी इलारियाकडे यायचे, दोन कप जेली घ्यायचे आणि हळूच विचारायचे, "मावशी, यंदा काय चालतंय?" ती सांगायची. कुणाला फसवायचं म्हणून नाही. तिला या गोष्टीची गंमत वाटायची, एवढंच.

यंदा मात्र गंमत गेली. यंदा तिची नात डायरा पहिलीत जायची होती.

डायराची आई मारित्सा तीन वर्षांपूर्वी शिवणकामाला साओ पावलोला गेली, ती तिथलीच झाली. रविवारी मोबाइलवर बोलायची, रडायची, पुढच्या वर्षी येते म्हणायची. पोर इलारियाकडे. इलारिया पहाटे पाचला घर सोडायची, रोपवेने खाली उतरायची, संध्याकाळी सातला परत. बालवाडीपर्यंत शेजारीण डायराला सांभाळायची. पण ती शेजारीण आता नवऱ्यामागे सांता क्रूसला चालली होती. घरासमोरची शाळा बारालाच सुटते. बारा ते सात सहा वर्षांची मुलगी एकटी, कुलूपबंद घरात. मागच्याच गल्लीत अशाच एका बंद घरात गॅस पेटला होता. तेव्हापासून इलारियाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. पोर या शाळेत आली तर दिवसभर हाकेच्या अंतरावर राहील आणि सुटल्यावर तिच्याच बाकड्याशी बसून अभ्यास करील. दुसरा रस्ता तिला दिसत नव्हता.

गुलाबी इमारतीतली डोन्या आम्पारो आपणहून म्हणाली, "माझं बिल घे की. तुला काय परकी मानते मी?"

"आणि शाळेच्या मोठ्या बाईंना काय सांगू? रात्रीतून तुझ्याकडे राहायला आले म्हणून?" इलारिया हसली, पण हसू काही टिकलं नाही. "अगं, मी वरून येते हे त्या शाळेच्या मांजरालासुद्धा माहीत आहे. सगळ्यांना वाट दाखवणारी मी, आणि मलाच ती बंद."

फाटकावर प्रवेशाच्या नियमांची यादी लागली. इलारियाने ती बोट फिरवत, ओठ हलवत स्वतः वाचली. आधी भावंडं. मग याच भागात राहणारी मुलं. मग ज्यांचे पालक याच भागात काम करतात ती. त्यांनी कामाच्या जागेचा दाखला जोडावा. अर्ज जास्त झाले तर सर्वांसमोर चेंडू काढून निकाल. शुक्रवार शेवटचा दिवस.

ती तिसऱ्या ओळीपाशी थांबली. काम करतात? या शाळेच्या जवळ तिच्याइतकं कोण काम करत होतं? खुद्द मोठ्या बाईंची खोलीसुद्धा फाटकापासून चाळीस पावलं लांब होती.

फाटकाच्या आतल्या बोळात टेबल मांडून अर्ज घेणं चालू होतं. टेबलामागे मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका निन्फा आर्गांदोन्या, आणि पालक समितीचे अध्यक्ष डॉन रेमिखियो, कोपऱ्यावरच्या वह्यापुस्तकांच्या दुकानाचे मालक. मोठ्या बाई सरळ रेषेसारख्या. नऊ वर्षांपूर्वी शाळेत आल्या तेव्हापासून फाटकावरची दुकानं उठवायची त्यांनी शपथच घेतली होती. पोरांचे हात चिकट होतात, वह्या चिकट होतात, कागद अंगणभर उडतात. बाकीच्या विक्रेत्या कधीच उठून गेल्या. इलारिया उरली.

"मालकाचा दाखला?" मोठ्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

"मालक मीच."

"मग नगरपालिकेचा परवाना."

"फाटकावर परवाना देत नाहीत, बाई. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक."

डॉन रेमिखियोंना खोकला आला. मोठ्या बाईंनी आता मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच इलारियाला जास्त लागलं.

"डोन्या इलारिया, तुम्ही इथे बसता हे मी रोज बघते. पण अर्जाला माझे डोळे जोडता येत नाहीत. कागद लागतो. तारीख, नाव, जागा, शिक्का. उद्या शुक्रवार."

त्या दिवशी तिने दुपारीच बाकडं आवरलं. रोपवेत समोरच्या माणसाने कुत्र्याला स्वेटर का घातलाय, हेही तिने विचारलं नाही. घरी पोचल्यावर डायराने विचारलं, "आजी, मी तुझ्या शाळेत जाणार ना?" तेव्हा ती एकदम खेकसली आणि मग स्वतःलाच शिव्या देत पोरीला जवळ घेतलं.

तारीख, नाव, जागा, शिक्का. चुलीपाशी बसून ती हेच चार शब्द घोळवत होती. शिक्क्याचा कागद फेकायचा नाही ही तिच्या आईची शिकवण, म्हणून घरातला प्रत्येक शिक्का पलंगाखालच्या बिस्किटांच्या डब्यात होता: मारित्साचा जन्मदाखला, नवऱ्याचा मृत्यूदाखला, लसीची कार्डं. तिने डबा ओढला. वरचे कागद बाजूला केले आणि तळाशी हात घातला. मग जमिनीवर फतकल मारून ती इतकी हसली की डायरा घाबरून बघायला आली.

शुक्रवारी सकाळी तिने टेबलावर एकेक कागद मांडायला सुरुवात केली, बाजारात बटाट्याचे वाटे मांडावेत तसे. एकूण अकरा.

"हे काय?" डॉन रेमिखियोंनी चष्मा लावला.

"नोटिसा. नगरपालिकेच्या. मला इथून उठवायच्या."

डॉन रेमिखियो वाचू लागले. नाव इलारिया लिमाची. जागा: शाळेचं मुख्य फाटक, डावी बाजू. गुन्हा: विनापरवाना विक्री. तारीख, सही, शिक्का. दुसऱ्या वर्षीची तीच. तिसऱ्या वर्षीची तीच, फक्त जेलीचं भांडं जप्त. मागे रांगेतले पालक पुढे सरकले, टाचा उंचावून बघू लागले. नववी, दहावी. अकरावा कागद वेगळा होता. त्याच्यावर खुद्द शाळेचाच गोल शिक्का होता. नगरपालिकेच्या शिपायाने तीन वर्षांपूर्वी तिच्या हातात नोटिशीबरोबर तक्रारीची प्रतही ठेवली होती. डॉन रेमिखियोंनी मोठ्या बाईंकडे एकदा बघितलं आणि मोठ्याने वाचलं:

"सदर इलारिया लिमाची ही बाई गेली एकोणीस वर्षे, शाळेच्या प्रत्येक दिवशी, सकाळी सात ते सायंकाळी सहा या वेळेत, या शाळेच्या मुख्य फाटकाच्या उंबऱ्यावरच आपला व्यवसाय करीत आहे. वारंवार समज देऊनही तिने एक दिवसदेखील ही जागा सोडलेली नाही. आपली, निन्फा आर्गांदोन्या."

रांगेत कुणीतरी फसकन हसलं. डॉन रेमिखियोंनी कागद खाली ठेवला. "बाई, असला भक्कम दाखला तर मी माझ्या दुकानातल्या माणसालाही देत नाही."

मोठ्या बाईंचे कान लाल झाले. त्यांनी पत्र हातात घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, जणू दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय. इलारिया त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिला खरोखरच उत्सुकता होती: बाई आता काय करणार? फाडणार? ओरडणार?

"सही माझी आहे," मोठ्या बाई शेवटी म्हणाल्या. "मी खोटं लिहीत नाही." मग पेन उचलून त्यांनी अर्जावर लिहिलं: कामाची जागा, शाळेचं फाटक, बावीस वर्षं. आणि शिक्का इतक्या जोरात मारला की टेबलावरचा टाचण्यांचा डबा उडाला.

पण एवढ्याने जागा मिळाली नव्हती. अठ्ठावीस जागा आणि एकाहत्तर अर्ज. सोमवारी अंगणात कापडी पिशवी आली, आत टेबलटेनिसचे चेंडू. हिरवा म्हणजे जागा, पांढरा म्हणजे घरी. अंगणाचा हा कोपरा इलारियाने आजवर फाटकाच्या गजांतूनच पाहिला होता, आणि दरवर्षी हा खेळ ती डोळे फाडून बघायची. कोण पिशवी ढवळतो, कोण छातीवर क्रूसाची खूण करतो, कोण चेंडू काढून मुठीत लपवतो, सगळं तिला पाठ. आज तिला काहीच दिसत नव्हतं. हिरवे चेंडू बाहेर येत होते आणि प्रत्येक हिरव्यासरशी एक जागा कमी होत होती. बावन्नावं नाव डायराचं होतं. अकरा हिरवे उरले होते, की दहा? मोजायचं तिने मध्येच सोडून दिलं होतं.

"पोरीनेच काढावा," डॉन रेमिखियो म्हणाले.

डायराने बाहीसकट हात पिशवीत घातला. जन्मभर प्रत्येक गोष्टीत डोकावणाऱ्या इलारियाने तेव्हा डोळे गच्च मिटून घेतले. तिला जाणून घ्यायचं नव्हतं. जाणून घेईपर्यंत पोर शाळेत होती.

"आजी, हा कुठला रंग?" डायराने विचारलं. पोरीला रंग चांगले कळत होते, पण आजीचा चेहरा बघून तिची खात्री उडाली होती. मागून कोणीतरी ओरडलं, "हिरवा, मावशी, हिरवा! डोळे उघडा!" इलारियाने डोळे उघडले आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडली.

फेब्रुवारीत शाळा सुरू झाली. पांढरा डगला, दोन घट्ट वेण्या, पाठीवर दप्तर. फाटकात डायराने आजीचा हात सोडला आणि मागे न बघता आत गेली. इलारियाने बाकडं मांडलं, जेलीचे कप रचले, पण सारं लक्ष गजांपलीकडे. वर्गात काय चाललं असेल? कोणाशेजारी बसली असेल? काय बोलली असेल पहिलं? दहाची घंटा झाली आणि तीन-चारशे पांढरे डगले अंगणात उधळले. इलारिया उठून उभी राहिली. इतक्या पोरांना आवाजावरून ओळखणारी ती. आपली कुठली हे तिला काही केल्या कळेना. सगळ्या सारख्या. मग तिच्या लक्षात आलं की हेच तर तिला हवं होतं: त्या गर्दीत कुठली पोर वरच्या अंगाची आणि कुठली खालची, हे कोणालाच सांगता येऊ नये.

गजांतून हात आले. "मावशी, मला! मावशी, पिवळी!" ती कप भरत राहिली. मग एक ओळखीचा हात आला, अंगठ्यावर भाजल्याचा डाग असलेला.

"मावशी, एक लाल," डायरा म्हणाली. ती वर बघत नव्हती. तिच्या शेजारी निळ्या रिबिनीची एक मुलगी उभी होती, हातात नाणं घेऊन.

आजी नव्हे, मावशी. बावीस वर्षांत तिने असं दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. भाजीवालीची पोर आईसमोरून मान फिरवून जाते तसं. आपल्या बाबतीत ते एवढं दुखेल असं तिला वाटलं नव्हतं. पहिल्या दिवशीच, दोन तासांत. पण तिने काही विचारलं नाही. लाल कप भरला, वर क्रीमचा जरा मोठा गोळा घातला आणि गजांतून दिला. डायराने तो घेतला आणि वळली.

"अगं, पैसे!" रिबिनवाली ओरडली. "तू पैसे नाही दिलेस मावशीला!"

डायरा जागच्या जागी थिजली. जेलीचे पैसे द्यायचे असतात हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. जन्मात कधी दिले नव्हते. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आजूबाजूची चार पोरं बघायला लागली.

"तिचे आले," इलारिया दुसरा कप भरता भरता म्हणाली. "तिच्या आजीने आधीच देऊन ठेवलेत. वर्षभराचे."

रिबिनवालीने डायराकडे बघितलं. "तुझी आजी येते इथे?"

डायराने गजांपलीकडे पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदाच, सरळ आजीच्या डोळ्यांत.

"रोज येते," ती म्हणाली.