टोपलीखालचा काटेवाला कोणी नेला?

टोपलीवरचा दगड बाजूला सारून नेलात, म्हणजे तो आपला आपण गेला न्हाई. बायांनो, उसाचं पाचट पेटवलं तेव्हा भाजलेला तो काटेवाला उंदरासारखा जीव मी तेल-हळद लावून जगवला. आज पाण्याला गेले तेवढ्यात गायब.

"उंदरासाठी रडतेस व्हय?" आमचे मालक म्हणाले.

लेक सासरी गेल्यापासून माझं पाऊल वाजलं की तोंड बाहेर काढणारा तोच एक होता.

पोराच्या डांग्या खोकल्याला गळ्यात काटे बांधायचे असतील, तर त्याचे गळून पडलेले मूठभर माझ्याकडे हायेत, घेऊन जा. त्याला मारू नका.

हा कागद चर्चच्या दाराला लावलाय. मारला असेल तरी सांगा, मी उगाच त्याच्या खाण्यासाठी किडे गोळा करून बसते. रविवारच्या उपासनेआधी मला उत्तर पाहिजे.