आंबोळीच्या पिठातलं यीस्ट

शालू, मी कॅनडाला निघालो तेव्हा कुडाळ स्टेशनवर आपली आई गाडी सुटेपर्यंत रडली, हे तू मला अजून ऐकवतेस. ती माझ्या घरून निघाली तेव्हा एअरपोर्टवर तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, हे तुला कोण सांगणार? थंडी मानवली नाही म्हणून लवकर परतली, असं मीच सगळ्यांना सांगितलं. साफ खोटं.

ती माझ्याकडे असताना एका शनिवारी ऑफिसातले चौघे माझ्या बेसमेंटमध्ये बिअर बनवायला आले होते. कोरड्या यीस्टचे लाड कसे करायचे ते मी त्यांना शिकवणार होतो. पाणी उकळून कोमट करायचं, यीस्ट वर भुरभुरायचं, ढवळायचं नाही, पंधरा मिनिटं निवांत ठेवायचं. मग बार्लीचा गार काढा चमचा चमचा घालत त्याला थंडीची सवय करायची. एकदम टाकलं तर मरतं. आईला येऊन महिना झाला होता. तिच्याजवळ पंधरा मिनिटं मी कधी बसलो नव्हतो.

फ्रीज उघडला तर यीस्टची पाकिटं गायब. आई ओट्यापाशी पातेलं घेऊन उभी, खुशीत. "थंडीन पीठ फुगणा नाय रे. तुझी ती पावडर घातलंय. बघ कसा वर इला! तुझ्या दोस्तांका आंबोळ्यो घालतंय."

"आये, तुका अक्कल आसा काय? ह्या घर माझा. हात लावच्या आधी इचारूक काय जाता?" मी ओरडलो, पातेलं सिंकमध्ये उपडं केलं, आणि आवाज ऐकून बेसमेंटमधून वर आलेल्या मित्रांना सगळं इंग्रजीत रंगवून सांगितलं. ते हसले. काही न कळून आईही हसली.

दुसऱ्या दिवसापासून ती विचारू लागली. "पाणी घेव काय?" खुर्ची दाखवून, "हयसर बसू काय?" टोमणा नव्हता गो, खरंच विचारायची! मला ते बरं वाटलं, एवढा मी नालायक. दहाव्या दिवशी म्हणाली, "माका घराक धाड."

यंदा मे महिन्यात गावी पिंगुळीला आलो. आईने कोंबडी-वडे केले, वाढताना तीनदा आग्रह केला. जेवून उठलो तर पडवीत नवी चादर घातलेली.

"आये, मिया आत तुझ्याकडे पडू?"

ती चादरीची सुरकुती काढत होती. "नको रे. पावण्यांका भायरच बरा पडता."

राग नव्हता तिच्या आवाजात. राग असता तर पाय धरले असते. घर म्हणजे काय विचारशील, तर माझ्यासाठी आता तो उंबरठा. पडवीतून चार पावलांवर होता, आणि आत जायला मला तोंड नव्हतं.