उन्हात ठेवलेलं रोशाचं तेल

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विषय निघाला की पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जायचो. पण भीमपूरकडे अजूनही वहिनींचं नाव निघालं की लोक ‘ती भेसळीची बाई’ म्हणतात. म्हणून लिहून ठेवतो.

थोरला भाऊ गेल्यावर वहिनींनी पडीक तुकड्यात रोशा गवत वाढवलं आणि छोटी भट्टी बसवून त्याचं तेल काढायला लागल्या. त्याला गुलाबासारखा वास येतो, अत्तरवाले घेतात. त्यांचं घर पत्र्याचं, तापणारं. व्यापारी उन्हाळ्यात आदिलाबादला येई. तोवर तेल आदिलाबादजवळच्या मावला गावी, माझ्या घराच्या मागच्या थंड खोलीत ठेवायचं ठरलं.

औषधाच्या तपकिरी बाटल्या कडब्यात गुंडाळून त्यांनी स्वतः आणल्या. प्रत्येक बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

“भाऊजी, बूच उघडू नका. वास घ्यायचा असन तं आत्ताच घ्या. चूल, ऊन, दोन्हीपासून लांब ठेवा.”

“तेल इकता इकता म्हातारा झालो, वयनी. तुमी मले शिकवून राह्यल्या?”

“हे भज्याचं तेल नाही.”

दोघंही हसलो.

माझं किराणा दुकान. घाण्यावरचं शेंगदाण्याचं तेल गढूळ आलं की आम्ही ते रुंद तोंडाच्या बरणीत ओततो, वर फडकं बांधतो आणि दोन दिवस उन्हात ठेवतो. ओल उडते, गाळ खाली बसतो. इकडचा प्रत्येक दुकानदार हेच करतो. चैत्रात मी एक बाटली उजेडात धरली तर तेल धुरकट दिसलं. पाणी राहिलंय, असं मला वाटलं. मग सगळ्या बाटल्या बरणीत ओतल्या, फडकं बांधलं आणि बरणी चार दिवस गच्चीवर ठेवली. तेल स्वच्छ झालं. परत भरताना प्रत्येक बाटली दोन बोटं कमी भरली. त्याचाही विचार केला नाही. वहिनींना कळवलं नाही, कारण त्यात कळवण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

व्यापारी आला त्या दिवशी माझ्या घरी वहिनी आणि त्यांच्या गावचे दोघं आपापलं तेल घेऊन बसले होते. त्यानं वहिनींच्या तेलात कागदाची पट्टी बुडवली, हुंगली, पुन्हा हुंगली.

“चाचा, इसमें कुछ मिलाया है.”

वहिनींनी दुसरी बाटली उघडली. बराच वेळ नाकाशी धरली.

“हा वास माह्या तेलाचा नाही. भाऊजी, तुमी काही केलं का?”

“मी काय करन? जशा आल्या तशा ठेवल्या.”

माझा आवाज नेहमीसारखाच होता. ते दोघं एकमेकांकडे पाहत होते. वहिनींनी बाटल्या पुन्हा कडब्यात गुंडाळल्या, एकेक करून.

पुढच्या वर्षी व्यापाऱ्यानं त्या दोघांचं तेल घेतलं, वहिनींच्या तेलाला हात लावला नाही. त्यांनी भट्टी मोडली. तिचं भांडं गोठ्यात गेलं, बैलांच्या पाण्याला. कार्याला त्या आमच्याकडे येत राहिल्या, पण तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. एकदा पापड वाळत घालायला गच्चीवर गेल्या. तिथं दुकानाच्या तेलाची बरणी होती, फडकं बांधलेली. वहिनी तिच्यापाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग खाली आल्या आणि चहा घेतला. मी पेपर वाचत होतो.

आता सूनबाई असली सुवासिक तेलं छोट्या बाटल्यांतून मागवते आणि न्हाणीच्या खिडकीत ठेवते. मी ती उचलून कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवतो. बाटली अर्धी झाली की लहान काळ्या बाटलीत ओततो, म्हणजे वर हवा राहत नाही.

“बाबा, एवढ्याशा बाटलीचं काऊन एवढं?”

“बिघडते,” मी म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात वहिनी अंथरुणाला खिळल्या तेव्हा भेटायला गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये मनात जुळवलं होतं. बाजेशेजारी बसलो. त्यांनी दुकानाचं विचारलं. मी म्हणालो, यंदा तुमच्याकडं कापूस बरा दिसून राह्यला. त्या हो म्हणाल्या. बसची वेळ झाली तसा उठलो. पंधरा दिवसांनी त्या गेल्या.

जुळवलेलं फार नव्हतं. वयनी, तेल मी उन्हात ठेवलं होतं. तुमच्या हातात खोट नव्हती. मले माफ करा.